रॉसला निम्मा दिवस ठेव

सोलापूर,
१८ नोव्हेंबर

प्रिय अविनाश,

तुझं पत्र आणि सोबतचा सहलीचा कार्यक्रम मिळाला. आई-आबांना घेऊन फेब्रुवारीत अंदमानला जातोयस, हे उत्तम. महिना अगदी बरोबर निवडलास. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा पाऊस, मग डिसेंबरपर्यंत ईशान्येचा. समुद्र खवळला की बोटी बंद. फक्त कार्यक्रमात पोर्ट ब्लेअरसमोरच्या बेटाला 'रॉस बेट – १ तास' लिहिलंय, ते खोडून टाक.

जवळचा नॉर्थ बे किनारा आणि रॉस यांचं जोडतिकीट मिळतं, गोंधळ तिथेच होतो. सकाळ नॉर्थ बेला काचेच्या तळाच्या बोटीत जाते आणि माणसं भर दुपारी घामाघूम होऊन रॉसवर उतरतात. मग जेट्टीजवळ नारळपाणी, हरणांबरोबर फोटो, की बोटवाल्याची हाक! तू फक्त रॉसचं तिकीट काढ आणि पहिली बोट पकड. बोटी अ‍ॅबरडीन जेट्टीवरून, राजीव गांधी जलक्रीडा संकुलातून सुटतात. पाऊण-एक कोस पाणी, वीसेक मिनिटांत पलीकडे. उतरताना बोटीचं नाव आणि परतीची वेळ टिपून घे, कारण परत त्याच बोटीने यायचं असतं आणि सगळ्या बोटी सारख्याच दिसतात. बेट बुधवारी बंद, सेल्युलर जेल सोमवारी. तरी आदल्या दिवशी जेट्टीवर विचारून ठेव. बेट नौदलाच्या ताब्यात आहे, तेव्हा सगळ्यांची ओळखपत्रं जवळ असू देत.

आणखी एक. घड्याळ आपलंच, पण सूर्य सोलापूरपेक्षा तासाभराने पुढे. साडेपाचला अंधारायला लागतं. 'चारला निघू' असं तिथे चालत नाही.

बेट एवढंसं, पण १८५८ पासून इंग्रजांचा सगळा कारभार तिथून चाले. बेकरी, छापखाना, चर्च, क्लब, नृत्यगृह, समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना, सगळं होतं. कैदी राबायला आणि साहेब राहायला! आज छपरं नाहीत. भिंती वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांच्या मुळांनी अशा आवळल्यात की झाड काढलं तर भिंत बसेल. हे सगळं युद्धाने पाडलं असं पुष्कळजण समजतात. मुळात २६ जून १९४१ च्या भूकंपाने इमारती खिळखिळ्या केल्या आणि मुख्यालय पोर्ट ब्लेअरला हलवलं. जपानी आले ते २३ मार्च १९४२ ला. त्यांची खूण म्हणजे जेट्टीजवळचा काँक्रीटचा बंकर. तो बाहेरून बघून पुढे जाऊ नकोस. आडव्या फटीच्या रेषेत समुद्राकडे बघ, बंदुकीच्या टप्प्यात पाण्याचा कोणता पट्टा येत होता ते लगेच कळतं. असेच बंकर पोर्ट ब्लेअरच्या कॉर्बिन्स कोव्ह किनाऱ्याच्या रस्त्यालाही आहेत, आणि तिथल्याच चॅथम बेटावरच्या लाकूड गिरणीत बाँबचा खड्डा जपून ठेवलाय.

आबांच्या गुडघ्यांचं म्हणशील, तर बॅटरीवरची गाडी मिळते. वरचे अवशेष तिच्यातून दिसतात. पलीकडे दीपगृहाकडे उतरणाऱ्या पायऱ्या मात्र त्यांनी टाळाव्यात. कडक भाकरी-शेंगाचटणी खुशाल ने, पण पिशवी बंद ठेव. तिथली हरणं माणसाळलेली आहेत, हातातलं ओढतात. पाणी माणशी लिटरभर तरी हवं. घाम आपल्या उन्हासारखा सुकत नाही, अंगावरच राहतो.

आता जे गाईड सहसा घाईत उरकतात ते. नेताजी २९ डिसेंबर १९४३ ला आले, दुसऱ्या दिवशी पोर्ट ब्लेअरच्या जिमखाना मैदानावर तिरंगा फडकला. त्याच्या पंचाहत्तरीला, २०१८ मध्ये, रॉसचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. बोटवाले अजून रॉसच म्हणतात. (शहरही आता कागदोपत्री श्री विजयपुरम आहे, तिकिटावर तसं दिसलं तर दचकू नकोस.) पण सत्ता जपानी नौदलाने सोडली नव्हती. हेरगिरीच्या संशयाने जेलमध्ये छळ चालूच होता आणि तो नेताजींपर्यंत पोचू दिला गेला नाही. १४ जानेवारी १९४४ ला तिथले डॉक्टर आणि पंजाबी कवी दिवाणसिंग कालेपानी त्या छळात गेले. ३० जानेवारीला, झेंडा फडकल्याला बरोबर महिना होताना, पोर्ट ब्लेअरजवळच्या हम्फ्रीगंज गावात जपान्यांनी ४४ जणांना गोळ्या घातल्या. त्यातले बरेचसे इंडियन इंडिपेंडन्स लीगचेच, म्हणजे नेताजींच्याच बाजूच्या संघटनेचे होते. तिथे स्मारक आहे, शहरातून टॅक्सीने अर्धा दिवस पुरतो, आणि तुझ्या कार्यक्रमात त्याचं नावही नाही. हॅवलॉकला राधानगर किनारा बघशील तेव्हा हेही माहीत असू दे, की ऑगस्ट १९४५ मध्ये शेकडो उपाशी नागरिकांना बोटींतून नेऊन त्या बेटाजवळच्या पाण्यात ढकललं होतं. मोजकेच वाचले.

नेताजींचा मोठेपणा याने उणा होत नाही, असं माझं मत. पण जपान्यांना नुसतं 'आपले मित्र' म्हणून सोडून देणं आपल्याला तरी शोभत नाही. इथल्या भैय्या चौकातल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या घरावरून आपण लहानपणापासून जातोय. त्याच जपानशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार करता करता डॉक्टर डिसेंबर १९४२ मध्ये चीनमध्येच वारले. अंदमान तेव्हा जपान्यांच्या हातात होतं.

तेव्हा असं कर: पहिल्या दिवशी जेल, दुसऱ्या दिवशी सकाळी रॉस, दुपारी विश्रांती, तिसऱ्या दिवशी चॅथम आणि हम्फ्रीगंज, मग हॅवलॉक. नॉर्थ बे वेळ उरला तर. चेन्नईपर्यंत आपल्याकडून रेल्वे आहेच, पुढे विमानाने दोन-सव्वादोन तास. जहाजाला तीन दिवसांच्या आसपास लागतात, आईंना ते झेपणार नाही. तिकिटं काढण्याआधी तारखा कळव, सोमवार-बुधवार कुठे आडवे येतात ते बघून देतो.

तुझा,
श्रीकांत