लग्नातील फुले छायाचित्रावरून ठरवू नयेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

लग्नाच्या तयारीविषयी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून जे लेख येतात, त्यांत फुलांच्या सजावटीला भरपूर जागा मिळते. मात्र ती बहुतेक वेळा रंगसंगतीने आणि छायाचित्रांनीच व्यापलेली असते. घरची मंडळीही मग मोबाइलवरचे एखादे छायाचित्र सजावटकारापुढे धरतात आणि ‘असेच हवे’ एवढे सांगून मोकळी होतात. ते फूल कोणत्या ऋतूतले, ते किती तास टिकणार आणि तेवढा वेळ त्याला पाणी कुठून मिळणार, हे कोणी विचारत नाही. ऐन समारंभात फुलांनी माना टाकल्या की सजावटकाराला बोल लावला जातो. पण चूक बहुधा कित्येक आठवडे आधी, नियोजनाच्या बैठकीतच झालेली असते.

देठ कापताच त्यातील पाणी वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नलिकांत हवा शिरते आणि पुढे पात्रातल्या अस्वच्छ पाण्यात वाढणारे जिवाणू त्याच नलिका बुजवू लागतात. म्हणून बाजारातून आलेली फुले थेट कमानीवर चढवायची नसतात. त्यांचे देठ दोन-तीन सेंटीमीटर तिरपे छाटून, पाण्यात बुडतील ती पाने काढून, त्यांना काही तास स्वच्छ पाण्यात, थंड व सावलीच्या जागी उभे ठेवावे लागते. नेमकी या तासांचीच तरतूद कोणी केलेली नसते. सभागृह पहाटे ताब्यात येते, विधी सकाळी असतो, आणि मधल्या वेळेत कितीही माणसे कामाला लावली तरी फुलाला पाणी शोषायला लागणारा वेळ काही कमी होत नाही. त्यामुळे सभागृह ठरवतानाच ‘आदल्या रात्री फुले ठेवायला जागा आणि पाणी मिळेल का’, हे विचारून घेतले पाहिजे.

शिवाय प्रत्येक फुलाचे वेळापत्रक निराळे असते. लिली कळीच्या अवस्थेत तीन-चार दिवस आधी आणली तरच लग्नाच्या दिवशी पूर्ण उमलते, आणि उमलताच तिचे परागकोश चिमटीने काढले नाहीत तर पराग कपड्यांवर न जाणारे डाग पाडतात. ग्लॅडिओलस खालून वर उमलत जातो. निशिगंधाचा सुवास संध्याकाळनंतर चढतो, म्हणून सकाळच्या समारंभात त्याच्याकडून फार अपेक्षा करू नये. ट्यूलिप तर कापल्यावरही वाढत राहतो आणि उजेडाकडे वळतो, त्यामुळे आदल्या दिवशी सरळ रचलेली ओळ दुसऱ्या दिवशी वाकडी दिसते. हायड्रेंजियाचे भरघोस गुच्छ सर्वांना मोहात पाडतात, पण पाणी तुटताच ते सर्वांत आधी मलूल होतात. त्यांची जागा पाणी भरलेल्या पात्रातच. कार्नेशन, शेवंती आणि ऑर्किड मात्र पाण्यावाचूनही बराच वेळ तग धरतात, त्यामुळे हार, कमानी आणि उन्हातल्या प्रवेशद्वारासाठी तीच घ्यावीत. छायाचित्रात पाहिलेल्या फुलाचाच आग्रह धरण्यापेक्षा ‘या जागी, या वेळी कोणते फूल टिकेल’ असे विचारले, तर अनुभवी सजावटकार आनंदाने सांगतो.

साठवणुकीतली एक चूक आमच्या घरच्या लग्नात आम्हीच केली. जागेची सोय झाली म्हणून कार्नेशनच्या पेट्या आम्ही पिकलेल्या फळांच्या शेजारी शीतखोलीत ठेवल्या आणि सकाळी त्यांच्या पाकळ्या आत मुडपून फुले झोपी गेल्यासारखी दिसू लागली. पिकणारी फळे इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि कार्नेशन त्याला फार संवेदनशील असते, हे आम्हाला त्यानंतर कळले. सरसकट थंडीही उपयोगाची नाही: गुलाब आणि कार्नेशन दोन ते चार अंश सेल्सिअसला उत्तम राहतात, तर अँथुरियमसारखी उष्ण प्रदेशातली फुले त्याच तापमानाला काळवंडतात.

रंगाचा निर्णयही ज्या उजेडात फुले दिसणार आहेत, त्याच उजेडात व्हायला हवा. दिवसा खुलणारी गडद निळी आणि जांभळी फुले संध्याकाळच्या पिवळसर दिव्यांखाली जवळजवळ काळी भासतात, तर पांढरी आणि फिक्या रंगांची उठून दिसतात. आणि जेवणाच्या टेबलांवर समोरच्या माणसाचा चेहरा झाकणारे गुच्छ ठेवू नयेत, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा!

पाण्याचा प्रश्न आज बहुतेक ठिकाणी ओएसिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हिरव्या फोमने सोडवला जातो. 1954 पासून वापरात असलेला हा फोम फिनॉल-फॉर्मल्डिहाइडपासून बनलेले प्लॅस्टिकच आहे. तो सहज चुरतो, त्याचे सूक्ष्म कण पाण्याबरोबर वाहून जातात आणि त्याचे खत होत नाही. एकदा भिजवून वाळला की तो पुन्हा नीट पाणी धरत नाही, म्हणजे दुसऱ्या समारंभासाठीही निरुपयोगी. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2021 पासून आपल्या प्रदर्शनांत त्यावर बंदी घातली आहे. पात्रात घडी करून बसवलेली तारेची जाळी, खिळ्यांची जड बैठक किंवा प्रत्येक देठाला लहान पाण्याची नळी, हे पर्याय जुनेच आहेत. त्यांना थोडा अधिक वेळ लागतो हे मान्य. पण तो वेळ आधी मागून घेणे यजमानाच्या हाती असते.

आपल्या पुरवणीला माझी विनंती एवढीच की, सजावटीच्या प्रत्येक छायाचित्राखाली फुलांची नावे, त्यांचा ऋतू, ती कशात रोवली आहेत आणि रचना पूर्ण झाल्यावर किती तासांनी छायाचित्र घेतले आहे, एवढा मजकूर अवश्य छापावा.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक