पोकळीच्या कडेचा स्पेक्ट्रम

संपादक महोदय,
मेंदूची शस्त्रक्रिया चालू असताना एमआर स्पेक्ट्रोस्कोपी (एमआरआय यंत्राने ऊतीतील रसायनांची शिखरे दाखवणारा आलेख, म्हणजे स्पेक्ट्रम, काढणे) केली की गाठ किती उरली ते लगेच कळते, हा समज अर्धाच खरा. २.० पीपीएमवरचे (पीपीएम हे आलेखावरील स्थानाचे एकक) एनएए, म्हणजे निरोगी चेतापेशींची खूण असलेले रसायन, घटले आणि ३.२ वरचे कोलीन, म्हणजे पेशीपटलाशी निगडित रसायन, वाढले, तर गाठ उरल्याची शंका रास्त. पण गाठ काढल्यावर झालेल्या पोकळीतली हवा आणि रक्त चुंबकीय क्षेत्र विस्कटतात. शिखरे रुंदावून एकमेकांत मिसळतात. म्हणून पोकळी सलाइनने भरून शिमिंग (चुंबकीय क्षेत्र एकसारखे करणे) पुन्हा करावे, व्हॉक्सेल (ज्या छोट्या घनाकार भागाची मोजणी होते तो) कडेपासून थोडा दूर ठेवावा. पंचाईत अशी, की उरलेली गाठ बहुधा कडेलाच असते! १.३ जवळ लॅक्टेट आणि चरबीची शिखरे एकमेकांवर येतात. टीई (इको टाइम, म्हणजे ऊतीला स्पंद दिल्यापासून संकेत टिपेपर्यंतचा वेळ) १४४ मिलिसेकंद ठेवल्यास लॅक्टेट उलटे दिसून वेगळे ओळखता येते.

– मेंदूच्या एमआरआयवर काम करणारे दोन वाचक