रोवळी

हेन्रिएता, मॉरिशस
ऋषिपंचमी

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर धड बोलता आलं नाही, मागे ढोलकी चालली होती. तू ज्याला हसलास तो स्वेटर आल्या दिवसापासून अंगातून उतरलेला नाही. इथे गणपती थंडीत येतात रे! खाली समुद्रकाठी ऊन असतं, पण मंगलमावशीचं गाव वर पठारावर. सकाळी धुकं, मधेच भुरभुर पाऊस आणि चहूकडे ऊस. तोडणी चालू आहे. परवा अंगणासमोर उसाची भिंत होती, आज तिथे अख्खा डोंगर दिसतोय. शेतांत काळ्या दगडांचे ढीग आहेत, जमीन मोकळी करताना मजुरांनी हातांनी रचलेले. दगड थेट सह्याद्रीचा. दख्खनचा लाव्हा आणि हे बेट पृथ्वीच्या पोटातल्या एकाच तापल्या जागेवरून वर आले, यावर तुझ्या बाबांनी अर्धा तास घेतला. मावशी म्हणाली, "म्हणजे मी माहेरीच आहे म्हणायची!" गावाजवळचे सात धबधबे मात्र वरूनच पाहिले, गुडघ्यांनी खाली उतरायला साफ नकार दिला.

एक कबूल करते. गणेशचतुर्थीची इथे सरकारी सुट्टी असते, आणि या गावात तर १८९६ पासून गणपती बसतो म्हणतात. आरतीला घर भरलं होतं. एक मुलगा 'पुरवी'चं भलतंच काहीतरी म्हणाला, तर मी सगळ्यांसमोर त्याला थांबवून दुरुस्त केलं. कोणी काही बोललं नाही. मावशीने नंतर स्वयंपाकघरात नेलं आणि हळूच म्हणाली, "ताई, ही पोरं घरात क्रेओल बोलतात, शाळेत इंग्रजी-फ्रेंच. आरती रोमन अक्षरांत लिहून पाठ करतात." त्या मुलाच्या वहीत पाहिलं, चारही आरत्या होत्या. मला मेलीला तिसरीचं दुसरं कडवं पुस्तकाशिवाय येत नाही.

मावशीच्या सासूबाई ८८ वर्षांच्या. त्यांच्याशी काय बोलणार, असं वाटत होतं. मोदकांचे तांदूळ धुताना त्या मला म्हणाल्या, "ती रोवळी दे गो." मी थबकलेच. होती गुलाबी प्लॅस्टिकची जाळीची टोपली, पण नाव रोवळीच! संगमेश्वरला माझी आजी बांबूच्या रोवळीत तांदूळ धुवायची. तिच्यानंतर हा शब्द मी कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता, मीसुद्धा चाळणीच म्हणते. मागच्या दारी ओट्यावर पाटा-वरवंटा आहे, त्याला मात्र 'रॉश कारी' म्हणतात. उभ्यानेच वाटायचं. घरात मिक्सर आहे, पण कोथिंबिरीची चटणी त्यात केलेली काकांना चालत नाही. मी वाटून पाहिली, दंड अजून दुखतायत.

आता तुझं काम. काकांनी मोकाच्या महात्मा गांधी संस्थेतून त्यांच्या पणजोबांच्या इथे आल्याच्या नोंदीची नक्कल आणली आहे. नंबर, नाव, बापाचं नाव, वय, उंची. जिल्हा रत्नागिरी स्पष्ट आहे. गावाचं नाव गोऱ्या कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलेलं, 'देव' एवढं वाचता येतं, पुढे शाई पसरलीय. देवरूख? देवळे? की तिसरंच काही? फोटो पाठवतेय. दिवाळीत मामाकडे जाशील तेव्हा त्याला दाखव, आणि दोन्ही गावांना जाऊन ये. भाऊबंद शोधत बसू नकोस, त्यांचं आडनाव इथे कधीच बदललं, पणजोबांचं नावच आता आडनाव आहे. आजींना एवढंच हवंय की घरांच्या मागून नदी वाहते असं गाव यातलं कुठलं. सासरे त्यांना तेवढंच सांगून गेले.

विसर्जनाला निघतोय. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आई

ता. क. बाजारात बांबूची रोवळी दिसली तर दोन घे. एक इकडे पाठवायची आहे.