बाबूराव पेंटर म्हणजे फक्त 'शांतारामांचे गुरू'?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला आद्य चित्रपटकर्त्यांवरचा पानभर लेख वाचला. काल दिवसभर राग गिळून बसलो, रात्री झोप लागेना, म्हणून आज लिहायला घेतलं. अख्ख्या पानात मूकपटांच्या काळातले कोल्हापूरचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्या वाट्याला अडीच ओळी आल्या आहेत. त्यातली एक ओळ 'व्ही. शांताराम यांचे गुरू' अशी ओळख करून देण्यात गेली. उरलेल्या दीड ओळीत दोन चुका आहेत.

पहिली चूक कॅमेऱ्याची. 'परदेशातून मागवलेल्या कॅमेऱ्यावर' त्यांनी चित्रीकरण सुरू केलं, असं आपण छापलंत. संपादक महाराज, तो कॅमेरा कोल्हापुरात तयार झाला! आनंदराव आणि बाबूराव हे दोघे नात्याने भाऊ, मूळचे मेस्त्री. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता लोक त्यांना पेंटर म्हणू लागले. फाळक्यांचं काम पाहून सिनेमाचं वेड लागलं आणि दोघे कॅमेरा बनवण्याच्या मागे लागले. १९१६ मध्ये आनंदराव गेले. काम अर्धवट राहिलं. बाबूरावांनी त्यांचे सहकारी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून ते पुरं केलं आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालू झाला. शाळेत फारसं न शिकलेल्या माणसाने हे केलं. आमच्या गावात आजही लेथवर बसणाऱ्या पोराला कुणी हसलं, तर म्हातारी माणसं याच कॅमेऱ्याचा दाखला देतात. आणि आपण एका शब्दात तो विलायती करून टाकलात.

दुसरी चूक त्यांच्या कौतुकाच्या ओघात झाली आहे, तरी ती चूकच. पडद्यावर स्त्रियांना पहिल्यांदा बाबूरावांनी आणलं, हे खरं नाही. १९१३ मध्येच फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांनी कामं केली होती. बाबूरावांना उसना मोठेपणा नको आहे. त्यांच्या 'सैरंध्री' चित्रपटात गुलाबबाई आणि अनसूयाबाई उभ्या राहिल्या आणि त्यापायी त्यांना आपल्याच लोकांचा बहिष्कार सोसावा लागला, तेव्हा बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने त्यांना आपल्या आवारात आसरा दिला. ही गोष्ट 'पहिल्यांदा' या शब्दाहून कितीतरी मोठी आहे. ती लेखात हवी होती. आणि कंपनीला पैसा दिला तो गायिका तानीबाई कागलकरांनी, त्यांचं तर नावही कुठे नाही.

आता 'शांतारामांचे गुरू' याबद्दल. गुरू ते होतेच. शांताराम १९२० मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले आणि पडेल ते काम करत शिकले. पण त्याच वर्षी पुण्याच्या आर्यन थिएटरात 'सैरंध्री' लागला होता आणि तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं होतं. म्हणजे शिष्य नावारूपाला येण्याच्या कितीतरी आधी गुरूचं नाव झालेलं होतं. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशात रात्रीची दृश्यं घेतली. रंगवलेल्या सपाट पडद्याऐवजी घर, वाडा, दरवाजा असे खरेखुरे उभारले. वेशभूषेची रेखाटनं स्वतः केली, जाहिरातीची चित्रं स्वतः रंगवली. मी पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. मुलांपुढे त्यांच्या 'कल्याण खजिना' चित्रपटाच्या पोस्टरची छापील प्रत धरायचो आणि सांगायचो, ही ओळ ओढणाऱ्या हाताने कॅमेराही बनवलाय.

आणि 'सावकारी पाश'! १९२५ साल. देवादिकांच्या कथा सोडून कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणला. सावकार जमीन गिळतो आणि तो शेतकरी शहरात जाऊन गिरणीत राबतो. शेतकऱ्याचं काम शांतारामांनीच केलं होतं, तेव्हा गुरू-शिष्याचं लिहायचंच होतं तर हे लिहायचं. माझे आजोबा लहानपणी तो पाहून आले होते. नव्वदीत त्यांना सकाळी काय जेवलो ते आठवायचं नाही, पण अंधारातली ती झोपडी आणि बाहेर रडणारं कुत्रं ते सांगायचे. 'आवाज नव्हता रे चित्राला, पण मला ते कुत्रं ऐकू आलं,' असं म्हणायचे आणि मान वरती करून दाखवायचे. त्यांच्या वडिलांची पाच एकर जमीन सावकाराकडेच गेली होती.

तो मूकपट आज पाहायला मिळत नाही. बाबूरावांचे बहुतेक मूकपट आज हाती नाहीत. उरलाय तो कागद आणि माणसांच्या आठवणी. म्हणूनच मला पुढची गोष्ट सांगायची आहे.

आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत कंपनीच्या एका चित्रपटाची पुस्तिका होती. अशा पुस्तिका बाबूराव थिएटरात वाटायला छापून घेत, आत कथा आणि चित्रं असत. आमच्या पुस्तिकेचं मुखपृष्ठ गेलेलं, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण आतली चित्रं शाबूत होती. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या प्रदर्शनासाठी ती माझ्याकडून मागून नेली. 'सर, जपून परत देतो,' असं तिथल्या तरुणाने सांगितलं. तीन महिन्यांनी परत आली ती पानं सुटी करून, प्रत्येक पान लॅमिनेट करून! एका चित्रातल्या बाईच्या पदरावर संस्थेचा जांभळा शिक्का. तो मुलगा फार आनंदाने म्हणाला, 'आता कधीच खराब होणार नाही.' एका पानाचं प्लास्टिक मी कोपऱ्यातून सोडवून पाहिलं, तर शाई प्लास्टिकला चिकटून वर आली आणि हातात कोरा कागद राहिला. तो तुकडा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्या मुलावर मी ओरडलो नाही, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. पण त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही.

आपल्या लेखाचा राग मला त्यामुळेच जास्त आला. उद्या एखादा विद्यार्थी आपलं हेच कात्रण चिकटवहीत लावेल आणि विलायती कॅमेरा म्हणून लिहील. चित्रपट समोर नसताना तो कशाशी ताडून पाहणार? १९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर बाहेर पडले आणि त्यांची 'प्रभात' फिल्म कंपनी निघाली, इतकं सगळ्यांना पाठ असतं. मागे राहिलेल्या कंपनीचं पुढे काय झालं, हे कुणी लिहीत नाही. ती बंद पडली, बाबूराव पुन्हा रंग आणि शिल्पाकडे वळले, मधूनमधून बोलपट केले आणि १९४७ च्या 'लोकशाहीर राम जोशी'साठी शांतारामांनीच त्यांना बोलावून घेतलं. १९५४ च्या जानेवारीत ते गेले. एवढं सांगायला आपल्याला आणखी पाच ओळी लागल्या असत्या. त्याच पानावर निम्म्या जागेत गृहप्रकल्पाची जाहिरात आहे, म्हणजे जागा नव्हती असं नाही.

दुरुस्ती छापणार असाल तर ती पुरवणीतच छापा. मागच्या वेळी आमच्या तालमीच्या बातमीतली चूक आपण आतल्या पानावर, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरात सुधारली होती. आणि वाचकांच्या पत्रांची जागाही गेल्या वर्षापासून निम्मी झाली आहे, तेही कृपया पाहावं. माझं पत्र कापायचं झालं तर शेवटचा भाग कापा, पण कॅमेऱ्याचा आणि तानीबाईंचा मजकूर ठेवा.

त्या पुस्तिकेची उरलेली अकरा पानं माझ्याकडे आहेत. आपला छायाचित्रकार आला तर प्लास्टिकवरची चमक टाळून फोटो कसा घ्यायचा ते मी सांगेन, सकाळी दहाच्या सुमारास आमच्या सोप्यात उजेड चांगला असतो.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
कोल्हापूर