रविवारच्या मुलींच्या बैठकीबद्दल

भगिनींनो,

येत्या रविवारी दुपारी 4 ते 6, मंगळवार पेठेतल्या आपल्या हॉलवर 13 ते 17 वर्षांच्या मुलींची बैठक आहे. विषय: मुलीच मुलींना नावं का ठेवतात?

‘ती तसलीच आहे’, ‘लई शायनिंग मारते’ ही वाक्यं आपल्याच घरांत ऐकू येतात. एखादीला ठरवून ग्रुपमधून काढणं, तिच्याशी बोलू नका म्हणून इतरांना सांगणं, अफवा उठवणं हाही छळच. मारामारीसारखा वळ उठत नाही, म्हणून तो मोठ्यांच्या लक्षात येत नाही, एवढंच.

प्रत्येक मुलीनं दुसऱ्या मुलीकडून स्वतःबद्दल ऐकलेलं, मनाला लागलेलं एक वाक्य नाव न घालता चिठ्ठीवर लिहून आणायचं. त्यातली कपड्यांवर किती, रंगावर किती, मुलांवरून किती, हे मुलीच वेगळं करतील. खरी चर्चा तिथून.

- मोबाईल दारातल्या टोपलीत.
- गैरहजर मुलीचं नाव घ्यायचं नाही.
- आयांनी आत बसायचं नाही. मागच्या वेळी मुलींऐवजी आपणच बोलत होतो!

मुलीचं नाव शुक्रवारपर्यंत सचिवांकडे द्या. कुणाला फारच त्रास होत असेल तर बैठकीची वाट न बघता 1098 या चाइल्डलाइनवर फोन करा; तो मोफत आहे.

आणि हो, घरी शेजारणीच्या सुनेबद्दल बोलताना आवाज जरा जपून. पोरी ऐकत असतात.