वाळूजच्या काकांना, त्या दुसऱ्या स्प्रिंगसाठी

काका, सप्रेम नमस्कार.

नाव टाकू नका म्हणालात, म्हणून टाकत नाही. पण आमची गाडी तुम्ही नीट करून दिलीत, त्याचे आभार चारचौघांत मानायचेत, फोनवर तुम्ही मानू देत नाही. 'बरं बरं, ठेवा आता' म्हणून मोकळे होता. तुमच्या भाच्याला हे वाचून दाखवायला सांगा.

गाडी आमच्या बाबांची. कॉन्टेसा क्लासिक, आत इसुझूचं 1817 सीसीचं पेट्रोल इंजिन. हिंदुस्थान मोटर्सनं 2002 साली ही गाडी बनवणं थांबवलं, तेव्हापासून सुटे भाग म्हणजे भंगारात शोधायची वस्तू. इंजिन ठणठणीत होतं, रडवायचा तो कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. मे महिन्यात परभणीत पारा 43 वर गेला की पेट्रोलची लाइनमध्येच वाफ व्हायची आणि आईला दवाखान्यात न्यायचं म्हणून निघालेली गाडी मंठ्याच्या अलीकडं उन्हात उभी. बाबा गेल्यावर ही गाडी विकायचा विषय घरात कुणी काढला नाही. ती धड चालवायची, एवढंच ठरलं होतं.

अपघातात गेलेल्या एका हायाबुसा बाइकचे चार थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपा, कार्ब्युरेटरच्या जागी बसवायला मिळाले तेव्हा वाटलं, झालं काम. चार सिलिंडर, प्रत्येकाला आपला 44 मिलिमीटरचा थ्रॉटल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर त्यातच बसवलेला. बाहेरच्या देशांत लोक जुन्या गाड्यांना हे वर्षानुवर्षं करतायत, मग आपल्याकडं का नको?

ज्यांच्याकडं आधी गाडी दिली ते मोठ्या शहरातलं नावाजलेलं वर्कशॉप. भिंतीवर फोटो, बाहेर रांग. त्यांनी पहिलं विचारलं, 'किती हॉर्सपॉवर पाहिजे?' दुसरं विचारलं, 'बजेट किती?' महिने गेले. फोन उचलणं बंद झालं. गाडी हातात आली तेव्हा वायरिंग तोडलेलं, आणि ब्रेकच्या सर्वोची (इंजिनच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर, पेडल हलकं करणारा भाग) व्हॅक्यूमची नळी चारपैकी एकाच रनरला, म्हणजे एकाच सिलिंडरकडं हवा नेणाऱ्या नळीला, जोडलेली. कार्ब्युरेटरच्या एका सामाईक मॅनिफोल्डमध्ये मिळायचा तसा स्थिर व्हॅक्यूम एकेका थ्रॉटलच्या मागं मिळत नाही, तो धडधडत येतो. ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक झालं होतं. तशी गाडी त्यांनी माझ्या हातात दिली आणि पूर्ण पैसे घेतले. याचा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असंही मला वाटत नाही.

तुमच्याकडं आलो तेव्हा तुम्ही बॉनेट उघडायच्या आधी मागचं दार उघडलंत. सीटवर आईची उशी होती. 'मागं कोण बसतं बरं?' म्हणालात. मी सांगितलं, आई, आणि शाळेला सुट्टी असली की बहिणीची लेकरं. 'मंग आधी ब्रेक बघू,' म्हणालात आणि हातातला मोजमापाचा व्हर्नियर बाजूला ठेवलात.

बाकी कामाचं काय लिहू? बाइकच्या सिलिंडरांमधलं अंतर वेगळं, गाडीचं वेगळं, म्हणून चारही बॉडी सुट्या करून नव्या रॉडवर जुळवल्यात. आतल्या जादा पाकळ्या काढून त्यांची भोकं हवा न गळता बुजवलीत. चार रनरमधून चार बारीक नळ्या काढून एका डबीत आणल्यात, तिथून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच बाजूला जाऊ देणारी झडप) आणि मग सर्वो. ब्रेक पहिल्यासारखा मऊ. भाच्यानं स्पीडुइनोचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, बसवून थ्रॉटल किती उघडलाय आणि इंजिन किती फिरतंय यावर पेट्रोलचा हिशेब बांधला. आणि तुम्ही रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं एकेका थ्रॉटलच्या तोंडाशी धरून चौघांचा फुस्स आवाज सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवत बसलात. व्हॅक्यूम मोजायचा गेज शेजारी पडून होता. शेवटी लावून बघितला तेव्हा चारही काटे एका रेषेत.

पण मला लिहायचंय ते निघतानाचं. चावी माझ्या हातात होती, इंजिन सुरू होतं. तुम्ही 'थांबा' म्हणालात आणि ड्रॉवरमधून एक स्प्रिंग काढून आणलीत. थ्रॉटल मिटवायला आधीच एक होती. दुसरी तुम्ही थ्रॉटल हलवणाऱ्या लिंकेजला वेगळ्या ब्रॅकेटवरून अडकवलीत आणि मला दाखवलंत: बाइकला दोन केबली असतात, एक ओढून उघडते, दुसरी ओढून मिटवते. चालवणारा मनगटानं थ्रॉटल बंद करू शकतो. गाडीचं पेडल पायानं वर ओढता येत नाही. स्प्रिंग तुटली की थ्रॉटल उघडाच. 'एक गेली तर दुसरी वढंल. मागं लेकरं बसतेत तुमची.'

काही रुपयांची वस्तू. मी मागितली नव्हती, मला सुचलीही नव्हती. बिलातही ती नाही, मी नंतर शोधली. माझ्या गाडीकडं एवढे लोक वाकून बघून गेले, त्यात त्या सीटवर बसणाऱ्या माणसांचा विचार तुम्ही एकट्यानं केलात. बाबा गेल्यापासून तो विचार मी एकटाच करत होतो, काका. त्या दिवशी जालन्यापर्यंत मला नीट बोलता येत नव्हतं.

वाळूज-चिकलठाण्याच्या शेडांमध्ये अशी माणसं आहेत. आयुष्यभर टूलरूममध्ये मायक्रॉन मोजलेली, निवृत्तीनंतर एका लेथवर बसलेली, बोर्ड नसलेली. दुसऱ्याच्या लेकरांचा जीव आपल्या हातातल्या नटवर आहे हे धरून ती काम करतात. मराठवाड्यात काही होत नाही, सगळं बाहेर न्यावं लागतं, असं आपलीच माणसं म्हणतात. मीही गाडी आधी बाहेरच नेली होती. आता विचारणाऱ्याला मी सांगतो, आधी आपल्या एमआयडीसीत विचारा.

गाडी छान आहे. भर उन्हात परभणी ते जालना न थांबता आली, आई मागं झोपली होती. पहाटे थंड इंजिनवर आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनचा वेग, जरासा वर-खाली होतो, तेवढा भाच्याला बघायला सांगा. दिवाळीआधी येतो, आईला घेऊन. तिला तुम्हाला भेटायचंय, आणि स्प्रिंगचे पैसे तीच देणार आहे. तिला नाही म्हणता येत नाही, आधीच सांगून ठेवतो.

तुमचा,
परभणीचा कॉन्टेसावाला