वजनाच्या काट्यावरून, मित्रास

प्रिय मित्रा,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, त्याची बोच आहेच. तब्येत बरी. गुडघा कुरकुरतो, चालायचंच. आज लिहायला बसलो ते तुझ्या भाच्यापायी.

त्याला बॉक्सिंगमध्ये ६० किलोच्या वजनगटातून ५५ च्या गटात उतरायचंय, कारण ६० मध्ये सगळे तगडे बसलेत म्हणे. एरवी तो साडेबासष्ट भरतो. म्हणजे साडेसात किलो उतरवायचे, अंगाचा जवळजवळ आठवा हिस्सा! आणि दाखला देतो फिलिपिन्सच्या व्यावसायिक बॉक्सर पॅकियावचा, आठ वजनगटांत जगज्जेता झाला म्हणून. अरे, झाला, पण वर चढत. ११२ पौंडांच्या (सुमारे ५१ किलो) गटात अडकून राहिला तेव्हाच घात झाला. १९९९ मध्ये थायलंडला वजन भरलं नाही, विजेतेपदाचा पट्टा काट्यावरच गेला, वर तिसऱ्या फेरीत आडवा झाला. त्यानंतरची सगळी कीर्ती १२२ पासून पुढची.

शिवाय व्यावसायिकांचं वजन आदल्या दिवशी होतं, प्यायला-खायला रात्र मिळते. आपल्याकडे हौशी स्पर्धांत लढतीच्या दिवशी सकाळी काटा, दुसरी लढत असली की त्या सकाळी पुन्हा. प्लास्टिकचा सूट घालून घाम काढला, तर तेवढ्या तासांत ते पाणी अंगात परत मुरत नाही. पहिली फेरी जोशात जाते, तिसरीत पाय उचलत नाहीत, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारून परत येताना हात खाली राहतो. सुकलेल्या अंगानं डोक्यावर मार खाणं फार वाईट, ते तुला मी काय सांगू?

६० च्याच गटात राहिला तर उतरवायचे अडीच किलो, सहा आठवड्यांत. आठवड्याला चारशे ग्रॅम. रात्रीचा भात निम्मा, तळलेलं बंद, डाळ-अंडी तशीच. पाणी आणि मीठ तोडायचं नाही. रोज सकाळी लघवीनंतर वजन वहीत लिहायचं. सरांनी आपल्याला हेच शिकवलं होतं.

आता आपलं जुनं भांडण. तू म्हणायचास बॉक्सरांत हॅग्लरच थोर, जन्मभर १६० पौंडांचा गट सोडला नाही, बारा वेळा किताब राखला. मी पट्टे मोजायचो. आता निम्मं तुझं मान्य करतो. १९८८ मध्ये लेनर्डनं लाइट हेवीवेट (१७५ पौंड) विजेत्या लॅलाँडला १६८ पौंडांवर खाली ओढलं आणि एकाच रात्री दोन गटांचे किताब घेतले. ते पट्टे मी आता मोजत नाही. पण १९३८ मध्ये आर्मस्ट्राँगकडे फेदर, लाइट आणि वेल्टर या तिन्ही वजनगटांचे किताब एकाच वेळी होते, तेही जगात आठच गट असताना. आता सतरा-अठरा गट आणि चार संघटना, प्रत्येकीचा पट्टा वेगळा. म्हणून अमेरिकेच्या क्रॉफर्डचं मोल वाटतं. १४० आणि १४७ मध्ये चारही पट्टे एकत्र केले, मग सप्टेंबर २०२५ मध्ये १५४ वरून थेट १६८ ला जाऊन तिथला विजेता कॅनेलो याचेही चारही पट्टे घेतले. त्याचं नाव राहील, कारण तो मोठ्याच्या अंगावर गेला. हलका प्रतिस्पर्धी शोधत खाली उतरला नाही.

भाच्याला हेच कळत नाही. माझं ऐकत नाही, मामाचं ऐकेल. शनिवारी नाव नोंदवायचंय, त्याआधी फोन कर. आणि त्याची आई उपासाला उत्तेजन देतेय, तिलाही समजाव.

घराचं काम कुठवर आलं? धाकटीचा दहावीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार.

तुझाच